हात आखूड, कॅमेरा घट्ट

वाचकांचे प्रश्न : डोंगरातली सायकल आणि घरी बनवलेल्या रिग

मागच्या अंकात मी टेकडीवरच्या सायकलिंगच्या चित्रणासाठी घरी रिग, म्हणजे कॅमेरा धरणारा सांगाडा, कशी बनवायची यावर लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. भोसरीत आमचं लहानसं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, मुलगा सायकल चालवतो आणि चित्रण मी करते, त्यामुळे पत्रांतल्या बहुतेक अडचणी माझ्या बाकावर कधी ना कधी येऊन गेल्या आहेत. ज्या प्रश्नांची उत्तरं पुष्कळांच्या कामी येतील ते इथे घेतले आहेत.

ताई, मी ३ मिलिमीटर जाड, २५ मिलिमीटर रुंद अॅल्युमिनियमची पट्टी वाकवून हँडलला क्लॅम्पने बसवली. चेहरा आणि मागची वाट दोन्ही दिसावं म्हणून पट्टी २५ सेंटिमीटर पुढे काढली. उतारावर चित्र जेलीसारखं हलतं. कॅमेऱ्याखाली स्पंज घातला तर आणखी बिघडलं. कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन (चित्र स्थिर करणारी सोय) चालूच आहे. काय करू?
*– एक वाचक, कोल्हापूर*

स्पंज आधी काढून टाका. त्यामागचं कारण नीट समजून घ्या, कारण हाच प्रश्न मला सगळ्यात जास्त लोक विचारतात आणि जवळजवळ प्रत्येकाने स्पंज किंवा रबर घालून पाहिलेलं असतं.

कॅमेऱ्याच्या वजनाने स्पंज एक मिलिमीटर दबला, तर त्यावरचा कॅमेरा सेकंदाला साधारण सोळा वेळा वरखाली होऊ पाहतो. आता तुमची वाट बघा. ताशी १८ किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला पाच मीटर. वाटेत ३० सेंटिमीटरच्या अंतराने दगड असले, तर चाकाला सेकंदाला सोळा-सतरा धक्के बसतात. दोन्ही आकडे जुळले की स्पंज धक्का गिळत नाही, वाढवतो. ड्रोनवर रबराच्या गोट्या चालतात, कारण पंख्यांची थरथर याच्या कितीतरी पट जलद असते. सायकलचे धक्के संथ आणि मोठे असतात. ते गिळायला जेवढा मऊपणा आणि जेवढी हालायला जागा लागेल, तेवढी हँडलवर नसतेच.

दुसरं, पट्टीची लांबी. एका बाजूने धरलेल्या पट्टीच्या टोकाला वजन लावलं, की तिचं वाकणं लांबीच्या घनाने वाढतं. लांबी दुप्पट, वाकणं आठपट. तुमचा २५ सेंटिमीटरचा हात, म्हणजे पुढे काढलेली पट्टी, १० वर आणलात तर तोच कॅमेरा तीच पट्टी साधारण पंधरा पट कमी वाकवेल. जाडीचा हिशोबही घनाचाच, फक्त उलट दिशेने. पण जाड पट्टी घेण्यापेक्षा २० मिलिमीटरचा चौकोनी पाइप घ्या, भिंत दीड मिलिमीटरची. तुमच्या पट्टीच्या मानाने त्याचं वजन दीडपट भरेल, पण ताठपणा शंभर पटींहून जास्त. अॅल्युमिनियमच्या खिडक्या-दारं बनवणाऱ्याकडे असा पाइप तुकड्यात मिळतो.

आता स्टॅबिलायझेशनला हे का जमत नाही ते सांगते. कॅमेऱ्याचा सेन्सर सगळं चित्र एकदम वाचत नाही, वरपासून खालपर्यंत एकेक ओळ वाचतो. पट्टी जलद थरथरत असेल, तर वरची ओळ वाचताना कॅमेरा एका जागी असतो आणि खालची वाचेपर्यंत दुसरीकडे सरकलेला असतो. ती वाकडी झालेली चौकट (फ्रेम) सॉफ्टवेअर उचलून जागेवर आणतं, पण तिचा वाकडेपणा उरतोच. म्हणून थरथर पट्टीतच मारायची.

चेहरा आणि वाट दोन्ही हवं असेल तर १० सेंटिमीटरच्या हाताने चौकट थोडी वेगळी लागेल, हे मान्य. मग लेन्स रुंद कोनावर ठेवा. त्यानेही भागलं नाही आणि हात १५ सेंटिमीटरवर न्यावाच लागला, तर दुसरा आधार द्या. हाताच्या टोकापासून स्टेमपर्यंत (हँडल सायकलला जोडणारा तुकडा) एक तिरका पाइप टाकून त्रिकोण करा. त्रिकोण झाला की थोड्याशा जास्तीच्या वजनात रिग कितीतरी ताठ होते.

उद्यमनगरात तुमच्या घराजवळच लेथवाले आहेत, तेव्हा क्लॅम्प बाजारातून आणू नका, करून घ्या. हँडलचा मधला भाग आधी व्हर्नियरने मोजा. बहुतेक आजच्या सायकलींत तो ३१.८ किंवा ३५ मिलिमीटर असतो. पकडीखालचा भाग २२.२ मिलिमीटर असतो, तिथे कॅमेरा लावू नका. क्लॅम्प दोन अर्ध्या भागांचा, निदान २५ मिलिमीटर रुंद, आत जुन्या ट्यूबचा एकच पदर. हा पदर घसरू नये म्हणून आहे, धक्क्यासाठी नाही, तेव्हा दुमडून जाड करू नका. हँडल कार्बनचं असेल तर त्यावर काहीही आवळू नका. बारीक तडा आतून जातो, वरून दिसत नाही आणि हँडल भर उतारावर तुटतं.

शेवटची गोष्ट बोल्टची, आणि यात माझा जीव अडकलेला असतो. कॅमेऱ्याच्या बुडाचं भोक पाव इंची आहे, एक इंचात वीस आटे. आपल्याकडे हाताशी असतो तो सहा मिलिमीटरचा बोल्ट. तो त्या भोकात दोन-तीन फेरे जातो आणि बसल्यासारखा वाटतो. पण पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर आणि त्याच्या दोन आट्यांतलं अंतर १.२७ मिलिमीटर. सहाच्या बोल्टाचं अंतर एक मिलिमीटर. सायकल हादरायला लागली की तो बोल्ट कॅमेऱ्याचे आटे खरवडून बाहेर येतो. दुकानात 'पाव इंची, वीस आट्याचा' असं स्पष्ट सांगून घ्या. पट्टीतून तो पाच मिलिमीटरपेक्षा जास्त वर येऊ देऊ नका, नाहीतर तो कॅमेऱ्याच्या आत टेकतो. बाकी सगळीकडे नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, हादऱ्याने सैल न होणारे) वापरा. कॅमेऱ्याला एक छोटी नायलॉनची दोरी बांधा, पण ती चाकाच्या आऱ्यांपर्यंत पोहोचणार नाही एवढीच.

मॅडम, हेल्मेटवर कॅमेरा लावून ब्रह्मगिरीच्या बाजूचा एक जबरदस्त उतार चित्रित केला. घरी पाहिलं तर सपाट रस्ता वाटतो! उतार उतारासारखा कसा दिसेल?
*– एक वाचक, नाशिक*

कॅमेरा हेल्मेटवरून काढून छातीवर आणा. छातीवरच्या कॅमेऱ्यात तुमचे कोपर, हँडल, पुढचं चाक येतं. दगडावर चाक चढलं की हँडल वर उसळतं, कोपर वाकतात, आणि पाहणाऱ्याला उताराचं माप मिळतं. हेल्मेटवरच्या रुंद लेन्समध्ये समोर नुसती माती दिसते आणि मातीला चढ-उतार कळत नाही.

याहून मोठं कारण मात्र वेगळं आहे आणि माझ्या सगळ्या उत्तरांचं मूळ तेच आहे. घोटे, गुडघे, कंबर, कोपर, खांदे यांतून गाळून आलेला धक्का छातीपर्यंत पोहोचेतो मवाळ झालेला असतो. चांगला चालवणारा उभ्या पवित्र्यात असला, की सायकल खाली नाचत असते आणि छाती जवळजवळ एका रेषेत सरकते. एवढं चांगलं सस्पेन्शन वर्कशॉपमध्ये बनत नाही. म्हणून मी म्हणते, कॅमेरा शरीराला घट्ट बांधा आणि मऊपणाचं काम शरीरावर सोपवा.

छातीचा पट्टा घरी होतो. जुन्या दप्तराचे चांगले पट्टे आणि बकल काढून घ्या. मधे तळव्याएवढा तीन मिलिमीटर जाड प्लास्टिकचा तुकडा, त्याच्या कडा कानशीने गोल केलेल्या. पट्टे पाठीवर इंग्रजी एक्स अक्षरासारखे ओलांडून घ्या आणि बॅग दुरुस्त करणाऱ्याकडून दुहेरी शिलाई मारून घ्या. साध्या शिलाई मशीनची सुई तिथे मोडते. प्लास्टिक शरीराला चिकटून बसलं पाहिजे, मागे दोन बोटं जातील एवढी सैल जागा राहिली तरी चित्र डुलतं. कॅमेरा तुम्हाला वाटतं त्याच्यापेक्षा वर वळवा. सायकलवर आपण पुढे वाकतो, त्यामुळे उभं राहून लावलेला कोन चालवताना जमिनीकडे जातो. सायकलवर बसून, उताराच्या पवित्र्यात येऊनच कोन ठरवा.

आणि तुमच्या पत्रात हेल्मेटला भोक पाडून बोल्ट बसवल्याचं लिहिलं आहे. ते हेल्मेट आता वापरू नका, कृपा करून. हेल्मेटच्या आतला फोम स्वतः चिरडून डोक्याचा मार कमी करतो. त्यात बोल्ट आला की मार नेमका त्या बोल्टाच्या टोकावर येतो. हेल्मेटवर लावायचंच असेल तर चिकटपट्टीचा तळ वापरा, म्हणजे फांदी अडकली तर तो सुटून येईल.

हेल्मेटवरच्या कॅमेऱ्याबद्दल एक गोष्ट मला मनापासून आवडते, ती सांगते. १९८७ साली अमेरिकेत सॅन डिएगोच्या मार्क शुल्झ या व्हिडिओवाल्याने मोटरसायकलच्या हेल्मेटवर कॅमेरा बसवला, त्यातून वायर काढून पाठीवरच्या गाद्या लावलेल्या सॅकमधल्या व्हीएचएस रेकॉर्डरला जोडली आणि माउंटन बाइक चालवत चित्रण केलं. असे छोटे कॅमेरे बनवणाऱ्या गोप्रो कंपनीचा पहिला कॅमेरा २००४ चा, आणि तोही फिल्मवर चालणारा. म्हणजे तयार वस्तू बाजारात यायच्या कितीतरी आधी एका माणसाने ती हाताने जुळवली होती. आज दीडशे ग्रॅमचा कॅमेरा हातात असताना आपण पट्टे शिवायला कंटाळू नये.

काकू, मी दहावीत आहे. माझ्याकडे बाबांचा आयफोन आहे, कॅमेरा नाही. तो हँडलला लावायचा स्टँड पीव्हीसी पाइपचा बनवू का?
*– एक विद्यार्थी, सातारा*

हँडलवर नको रे बाळा. या फोनांच्या कॅमेऱ्यात लेन्स बारीकशा स्प्रिंगा आणि चुंबकांवर तरंगती असते. मोटरसायकलच्या हँडलवर फोन लावला तर सततच्या हादऱ्याने ती यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा अॅपलने स्वतः २०२१ मध्ये दिला आहे. सायकलला इंजिन नाही हे खरं, पण खडकाळ उतारावरचे धक्के कमी नसतात. बाबांचा फोन आहे.

तू पीव्हीसीचा पाइप दुसऱ्या कामाला लाव. एक इंची पाइपचा दीड मीटरचा तुकडा, टोकाला मोबाइलचा साधा क्लिप-होल्डर, पाइपच्या बुडात ओली वाळू भरून टोपण चिकटव. वाळूच्या वजनामुळे हात कमी थरथरतो. वळणाच्या आतल्या बाजूला गुडघ्याएवढ्या उंचीवर कॅमेरा धर आणि मित्राला येऊ दे. फोन आडवा. वाटेच्या कडेपासून निदान दोन हात लांब उभा राहा. हे करून बघ आणि मला पाठव.

ताई, वेताळ टेकडीवर दोन झाडांमध्ये दोरी बांधून तिच्यावरून धावणारा कॅमेरा करायचा विचार आहे. अंतर सुमारे ३० मीटर. दोरी कोणती, किती ताणायची, ट्रॉली कशी?
*– सायकल चालवणाऱ्या मित्रांचा एक गट, पुणे*

तुमचा प्रश्न वाचून फार आनंद झाला, हे माझ्या आवडीचं काम आहे.

दोरी कमी ताणली जाणारी घ्या. गिर्यारोहणातली 'स्टॅटिक' म्हणून मिळणारी साडेदहा मिलिमीटरची दोरी उत्तम. पुण्यात ट्रेकिंग ग्रुपांकडे जुनी, माणसासाठी बाद केलेली दोरी असते, तीही चालेल, कारण हिच्यावर कोणी लोंबकळणार नाही. चढाईची 'डायनॅमिक' दोरी नको, ती लवचीक असते आणि ट्रॉली मधे आली की खाली जाते.

ताणाचं गणित एकदा कागदावर करा. ३० मीटर अंतर, ट्रॉली आणि कॅमेरा मिळून दोन किलो, मधे अर्धा मीटर झोळ. वजन गुणिले अंतर, भागिले झोळाच्या चौपट : दोरीत ३० किलोचा ताण. दोरीच्या स्वतःच्या वजनाचे पंधरा-सोळा किलो वर. हे हाताने ताणता येतं. पण झोळ डोळ्यांना खुपतो म्हणून तुम्ही तो १० सेंटिमीटरवर आणलात, तर नुसत्या ट्रॉलीचा ताण दीडशे किलो होतो आणि दोरीचा वेगळा. मग गाठी बसतात, झाड वाकतं आणि काही सुटलं तर तोंडावर येतं. झोळ राहू द्या. कॅमेरा मधे थोडा खाली उतरून परत चढतो, ते पडद्यावर सुंदर दिसतं.

ताणायला वेगळं यंत्र नको. ट्रकवाले मालावर दोरखंड आवळताना फास घालून ओढतात, ती गाठ शिकून घ्या. झाडाला दोरी बांधण्याआधी गोणपाटाचे तीन-चार पदर गुंडाळा. टेकडीवरची झाडं हळू वाढतात, सालीला चीर पडू देऊ नका.

ट्रॉली : तोच २० मिलिमीटरचा चौकोनी पाइप, ४० सेंटिमीटर लांब, दोन्ही टोकांना खोबणीचं एकेक चाक. चाकांत ६०८ नंबरचं बेअरिंग टाका (आतलं भोक ८ मिलिमीटर, बाहेरून २२), स्केटबोर्डमध्ये असतं तेच. दोन चाकांतलं अंतर कमी केलंत तर कॅमेरा पुढे-मागे झोके घेईल. दोरीच्या खालून, प्रत्येक चाकाशी एक आडवा बोल्ट टाका, म्हणजे ट्रॉली उसळली तरी दोरीवरून निघणार नाही. कॅमेरा ताठ दांडीवर खाली लावा, आणि दांडीच्या बुडाशी दोनशे-तीनशे ग्रॅम वजन.

ओढायचं कसं हा खरा पेच. हाताने ओढलेली ट्रॉली ताशी २० किलोमीटरने येणाऱ्या सायकलच्या बरोबर राहत नाही. एक जुनी सायकल उलटी उभी करा. मागच्या चाकाचा टायर आणि ट्यूब काढा. २६ इंची चाकाच्या रिमच्या खोबणीत ओढदोरी गुंडाळली, की एका फेऱ्यात साधारण पावणेदोन मीटर दोरी येते. ताशी २० ला सेकंदाला तीन फेऱ्यांहून थोडं जास्त लागतं. पुढे ३२ दात आणि मागे १६ दात असा गिअर लावला, तर हाताने पेडल सेकंदाला दीड फेरा फिरवायचं. दणकट हाताच्या माणसाला तेवढे पाच-सहा सेकंद जमतात. शिवाय फ्रीव्हील असल्यामुळे पेडल थांबवलं तरी चाक फिरत राहतं आणि ट्रॉलीला झटका बसत नाही. शेवटच्या झाडाआधी तीन मीटरवर दोरीवर जुन्या टायरचे तुकडे ओवा, ट्रॉली तिथे थांबेल.

आता जे लिहिते ते सगळ्यात आधी करायचं आहे. वेताळ टेकडीवर सकाळ-संध्याकाळ माणसं चालतात, लहान मुलं पळतात. मांजाने गळे कापल्याच्या बातम्या आपण दर संक्रांतीला वाचतो. आडवी ताणलेली दोरी वेगात येणाऱ्या सायकलवाल्याला दिसत नाही. वाट ओलांडते तिथे दोरी तीन मीटरच्या वर हवी, तिच्यावर दर दोन मीटरवर भगव्या किंवा पिवळ्या कापडाच्या पट्ट्या हव्यात, दोन्ही टोकांना एकेक माणूस हवा आणि तुम्ही चहाला निघालात तर दोरी उतरवून निघायचं. जमीन वनखात्याची असेल तिथे त्यांची परवानगी आधी. गर्दीच्या वेळी ही रिग उभारायचीच नाही, यात तडजोड नको.

नमस्कार ताई. मी मूळची सांगलीची, आता नॉर्थ व्हँकुव्हरला असते. नवरा माउंट फ्रॉमवर सायकल चालवतो. तुम्ही सांगितल्यासारखी छातीची पट्टी शिवली, घट्ट बसते. पण इथल्या सूचिपर्णी झाडांच्या दाट जंगलात चित्र मधूनच पुसट होतं, पुन्हा स्पष्ट होतं, डोळे दुखतात.
*– एक वाचक, कॅनडा*

तुमची पट्टी चांगलीच आहे, अडचण उजेडाची आहे. तिथली झाडं उंच आणि भर दुपारी खाली अंधार. ऑटोवर ठेवलेला कॅमेरा उजेड मिळवण्यासाठी शटर उशिरा मिटतो. तेवढ्या वेळात धक्का बसला की ती चौकट पुसट होते. स्टॅबिलायझेशन पुसट चौकट जागेवर आणून ठेवतं, त्यामुळे चित्र स्थिर दिसतं पण मधूनमधून धूसर होतं, आणि तेच डोळ्यांना टोचतं.

शटर हाताने १/२०० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवा. चौकटी सेकंदाला ६० ऐवजी ३० घ्या. आयएसओची (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ते) कमाल मर्यादा १६०० पर्यंत जाऊ द्या, थोडी दाणेदार चित्रं चालतील. तेवढ्यानेही काळोख वाटला, तर छातीवरचं चित्रण झाडी विरळ असेल तिथेच करा आणि दाट भागात तिपाईवरून घ्या. तिपाईला धक्के नाहीत, तिथे १/६० लाही कॅमेरा गोंधळत नाही. तुमच्या भागातल्या नॉर्थ शोअरच्या त्या लाकडी शिड्यांच्या पुलांवर तर मला बाजूने, तिपाईवरून घेतलेलं चित्रणच जास्त आवडतं. फळ्यांची उंची कळते आणि चाकाखालची फळी दबलेली दिसते.

ताई, आंबोलीला पावसात गेलो. कॅमेऱ्याच्या बंद केसच्या आत बाष्प धरतं आणि काचेवर थेंब. उपाय?
*– एक वाचक, सावंतवाडी*

कॅमेऱ्याची केस पंख्याखाली, कोरड्या खोलीत बंद करा, पावसात उघडून बंद करू नका. आत सिलिका जेलची छोटी पुडी टाका. पुडी जुनी असेल तर मंद आचेच्या तव्यावर दहा-पंधरा मिनिटं कोरडी करून घ्या, वास आला तर लगेच उतरवा. कॅमेरा एसीच्या गाडीतून थेट बाहेर काढला की बाष्प धरणारच, तेव्हा गाडीत असतानाच तो एसीपासून दूर, सॅकमध्ये ठेवा.

काचेवरचे थेंब पुसायला मऊ सुती फडकं प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवा, आणि चालू करण्याच्या क्षणीच पुसा. तांबड्या मातीचा चिखल उडाला असेल तर आधी बाटलीतलं पाणी ओतून माती वाहू द्या, मग पुसा. त्या मातीत बारीक खडे असतात, कोरडं घासलं तर काचेवर कायमचे ओरखडे उठतात. घरी आल्यावर रिगचे बोल्ट सोडवून पुसून ठेवा. साधे लोखंडी असतील तर एका पावसाळ्यात गंजून आट्यात अडकतात. स्टेनलेस स्टीलचे घ्या, थोडे महाग पडतील.